कचरा डेपोच्या कडेची माणसं निघून का जात नाहीत?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. कचरा डेपोला लागून असलेल्या वस्तीत त्या आठवड्यातून तीन दिवस सकाळी मुलांना शिकवायला जातात. तासाभरात त्यांचं डोकं जड होतं, घसा धरतो. वस्तीतल्या कुणालाही विचारलं तर उत्तर एकच येतं, ‘सवय झालीय.’ या लोकांना खरंच काही होत नाही का, होत असेल तर ते निघून का जात नाहीत, आणि बाहेरून आलेल्या माणसाने तिथे नेमकं करायचं काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझी निम्मी नोकरी डेपोवर गेली. उतार राखणं, निचऱ्याचं पाणी वळवणं, गॅसच्या नळ्या टाकणं ही कामं केली. उरलेली वर्षं डेपोच्या खालच्या अंगाला, वस्त्यांबरोबर काम करण्यात गेली. दोन्ही बाजूंनी एकच कचऱ्याचा डोंगर बघितल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ‘सवय झालीय’ बद्दल. नाकापुरतं ते अक्षरशः खरं आहे. एकच वास सारखा येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यामुळे तुम्हाला जो वास अंगावर येतो तो तिथे राहणाऱ्याला येत नाही. याची दुसरी बाजू भयंकर आहे. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य प्रमाणात असला तरी नाकाला कळतो, पण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की त्याचा वास येणंच बंद होतं. वस्तीच्या उघड्या हवेत सहसा इतकं प्रमाण होत नाही. निचऱ्याच्या टाकीत, बंद चेंबरमध्ये होतं. तिथे उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, म्हणजे गॅस गेला.

पण ‘सवय झालीय’ हे बऱ्याचदा नाकाबद्दलचं उत्तर नसतंच. रोज नवा माणूस येऊन तेच विचारतो, त्याला किती सांगत बसणार? जरा ओळख वाढली, की तीच बाई कुठल्या महिन्यात कुठल्या घरातलं मूल खोकतं हे बोटांवर मोजून सांगते.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. एका वस्तीच्या कडेला आम्ही हवा मोजायचं यंत्र लावलं होतं, रोज सकाळी अकरा ते दुपारी चार. पाच दिवस सगळे आकडे मर्यादेच्या आत. अहवालाचा मसुदाही लिहून झाला होता. शेवटच्या दिवशी यंत्र गुंडाळत असताना समोरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही येता तेव्हा तो झोपलेला असतो. पहाटे चारला या.’ तो म्हणजे डोंगर. दुसऱ्या दिवशी गेलो. वारा पडलेला होता. धूर वर न जाता उतारावरून पाण्यासारखा खाली येऊन गल्लीत गुडघ्याएवढा साचला होता. मावशींच्या दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलेलं होतं, आणि ते रोजचं होतं, कारण उंबऱ्याच्या त्या भागाचा रंग उडालेला दिसत होता. यंत्रावरचा आकडा दुपारच्या कित्येक पट होता.

यात गूढ काही नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. डोंगरातून जे निघतं ते त्या झाकणाखाली अडकतं. ऊन चढलं, वारा सुटला की झाकण मोडतं. हे मला शिकताना पाठ होतं. तरी यंत्र दुपारी लावलं, कारण कार्यालयाची गाडी अकराशिवाय निघत नसे.

तेव्हापासून नव्या ठिकाणी गेलो की यंत्र नंतर काढतो, आधी विचारतो. वास कधी, धूर कधी, माश्या कधी वाढतात, पावसानंतर पाणी कुठून येतं. धुणं कुठल्या दिवशी बाहेर टाकायचं नाही हे ठरवायला तिथल्या बायका धुराची मान कुठे वाकली आहे ते बघतात. ही माहिती कुठल्याही अहवालात नसते. माश्या अचानक वाढल्या तर आठ-दहा दिवसांपूर्वी वर कचऱ्यावर माती टाकली गेली नव्हती असा तर्क करता येतो, कारण उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. दिवसाचा कचरा त्याच दिवशी 15 सेंटिमीटर मातीने झाकायचा, हा धंद्यातला जुना नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे रजिस्टरमध्ये शोधत बसण्यापेक्षा वस्तीतल्या माश्या बघाव्यात.

मात्र काही गोष्टी अशा आहेत की तिथे पन्नास वर्षं राहूनही नाकाडोळ्यांना कळत नाहीत. बाहेरच्या माणसाचा खरा उपयोग तिथे आहे.

एक मिथेन. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. मिथेनला स्वतःचा वास नाही. हवेत तो 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला आणि ठिणगी मिळाली की स्फोट. वरून चिकणमाती टाकून कचरा बंद केला की वायू आडवा सरकायला लागतो: गटाराच्या कडेने, केबलच्या चरातून, खडकाच्या भेगांमधून. इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यातल्या लोस्को गावी 24 मार्च 1986 रोजी असं एक घर उडालं, तीन जण जबर जखमी झाले. डेपो शेजारीच होता, पण त्यात कचरा टाकणं तोवर थांबलेलं होतं. त्या दिवशी हवेचा दाब झपाट्याने उतरला होता, आणि दाब उतरला की जमिनीतला वायू बाहेर ओढला जातो. फटी असलेल्या पत्र्याच्या घरात वायू साचत नाही, हा गळक्या घराचा एक फायदा म्हणायचा. पक्कं, घट्ट बांधकाम झालं की जोत्याखाली, जिन्याखाली, बंद कपाटात तो साचू शकतो. डेपोच्या कडेला पक्की घरं बांधून देणाऱ्यांनी पायाखालून हवा खेळती ठेवली आहे का, हे जरूर विचारा.

दुसरं पाणी. डोंगराच्या पायथ्याला जे काळं पाणी झिरपतं ते दिसतं, म्हणून लोक त्यापासून लांब राहतात. पण तेच पाणी जमिनीत मुरून विहिरीत किंवा बोअरमध्ये पोचतं तेव्हा स्वच्छ दिसतं. काळेपणा मातीत गाळला जातो, क्लोराइड, नायट्रेट यांसारखे विरघळलेले क्षार तसेच पुढे जातात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार मात्र कमी होत नाहीत, उलट पाणी आटल्यावर थोडे घट्टच होतात. ‘आम्ही उकळून पितो’ हे ऐकून आरोग्य कार्यकर्तेसुद्धा समाधानाने मान हलवतात, तेव्हा मला बोलावं लागतं. क्षार मोजायचं खिशातलं मीटर असतं, त्याने दर महिन्याला एकाच विहिरीचं पाणी मोजा. आकडा चढत चालला तर बाहेरून काहीतरी येतंय. पण ते मीटर धातू दाखवत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आणि अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून, हा आग्रह सोडू नका.

तिसरं शिसं, आणि तुम्ही मुलांबरोबर आहात म्हणून यावर जास्त बोलतो. बॅटऱ्या, जुने रंग, इलेक्ट्रॉनिक सामान फोडणं-वितळवणं, तांब्यासाठी केबल जाळणं, यातून ते मातीत आणि धुळीत उतरतं. मूल ते मुख्यतः हातातून तोंडात घेतं. केनियात नैरोबीच्या दांडोरा डेपोशेजारच्या 328 मुलांची तपासणी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2007 साली प्रसिद्ध केली. निम्म्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं होतं. मुलांसाठी शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित नाही, असं आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्रास असा की अंगात शिसं गेलेलं मूल आजारी दिसत नाही. ते हट्टी दिसतं, एका जागी बसत नाही, शिकवलेलं विसरतं. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर शिक्षा करण्याआधी, शक्य असल्यास, रक्त तपासून घ्या. सगळीच चंचल मुलं शिशामुळे चंचल नसतात, हे उघड आहे. पण तपासल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

घरात करण्यासारखं बरंच आहे आणि ते फुकट आहे. डेपोवरचे कपडे-चपला दाराबाहेर ठेवायच्या. कोरड्या केरसुणीने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं; झाडलं की धूळ उडून ताटात येते. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे. फोडाफोडी घरात, विशेषतः रांगत्या मुलाच्या जवळपास, करायची नाही. शेवटची गोष्ट मान्य करून घेणं सगळ्यात अवघड, कारण बाई माल घरीच सोडवते ती मूल सांभाळता यावं म्हणून. तिला ‘करू नका’ सांगण्यापेक्षा चार घरांची मुलं एकत्र सांभाळणारी जागा काढली, तर काम आपोआप बाहेर जातं. मी हे दोन ठिकाणी होताना पाहिलं आहे.

आजारांबद्दल नेहमी विचारलं जातं: डेपोशेजारी राहिल्याने कॅन्सर होतो का? सरळ ‘हो’ म्हणणाऱ्यापासून जरा सावध राहा. इटलीतल्या लाझिओ भागात डेपोंच्या 5 किलोमीटर परिसरातल्या सुमारे 2 लाख 42 हजार लोकांचा मागोवा घेतला गेला. श्वसनाच्या आजारांनी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण, विशेषतः मुलांमध्ये, जास्त संपर्काबरोबर वाढलेलं दिसलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचाही संबंध आढळला. उलट ब्रिटनमध्ये 2 किलोमीटरच्या आतल्या जन्मांचा अभ्यास 2001 साली आला, त्यात जन्मजात व्यंगांमधली वाढ अगदी थोडी होती. आणि हे सगळे बऱ्यापैकी राखलेले डेपो. उघड्यावर जळणाऱ्या, न झाकलेल्या डेपोला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ, जुलाब, सुया-काचांच्या जखमा, यांसाठी मात्र कुठल्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. कचऱ्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाला त्याची आणि धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे. वस्तीत शिबिर घेणारे रक्तदाब तपासून जातात, लशीचं नाव काढत नाहीत. असो.

आगीबद्दल थोडं. वरची ज्वाळा पाण्याने विझते, पण आतली धग पाण्याला दाद देत नाही. पाणी मिळेल त्या वाटेने निघून जातं आणि पेटलेला गाभा कोरडाच राहतो. घाईने उकरलं तर हवा आत शिरून भडका उडतो. म्हणून मातीने दाबून हवा तोडणं हाच सहसा उपाय असतो, आणि त्याला आठवडे लागतात. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या डेपोचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होता. अशा दिवसांत लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना वाऱ्याच्या दिशेतून हलवणं हे खरं काम. तोंडाला ओलं फडकं बांधून राख अडते, धुरातले बारीक कण आणि वायू अडत नाहीत.

आता ज्यामुळे माझी झोप उडते ते. डोंगर कोसळणं.

फिलिपिन्समध्ये क्वेझॉन सिटीचा पायाटास डेपो 10 जुलै 2000 रोजी वादळी पावसानंतर घसरला, दोनशेहून जास्त माणसं गाडली गेली. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजा, 21 फेब्रुवारी 2005, एकशे चाळीसच्या वर. अदिस अबाबाचा कोशे, 11 मार्च 2017, शंभराहून जास्त. त्यानंतर महिन्याभराने, 14 एप्रिलला, कोलंबोजवळ मीतोटामुल्ला. ऑगस्ट 2024 मध्ये कंपालाचा कितीझी. अशा बातम्यांत ‘अचानक’ हा शब्द सहसा असतो. अशी घसरण बहुधा अचानक नसते. कचरा पाणी पितो, जड होतो, आतल्या पाण्याचा आणि गॅसचा दाब थरांना एकमेकांवरून सरकवायला लागतो, आणि उतार आधीच नको तेवढा उभा केलेला असतो कारण जागा संपलेली असते.

खुणा मिळतात, आणि त्या आधी वस्तीला मिळतात. डोंगराच्या माथ्यावर कडेला समांतर जाणारी भेग. पायथ्याला जमिनीला आलेला फुगवटा. कालपर्यंत सरळ असलेला खांब कललेला. कोरड्या उतारावर नव्याच जागी पाझर. आणि घरात: दार चौकटीत अडकायला लागणं. एका वस्तीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार तासून तासून महिन्यात तीनदा बसतं केलं होतं. पावसाने लाकूड फुगलं असं ते धरून चालले होते. शेजारच्या सहा घरांची दारंही अडत होती, आणि सगळी एकाच बाजूला. आम्ही जोत्यावर खुणा मारल्या, दोन आठवड्यांत चार बोटं सरकल्या. पायथ्याच्या घरांची ओळ हलवली. पुढे डोंगर तिथे घसरला नाही, म्हणून ‘उगाच घाबरवलं’ असं आम्हाला बरंच ऐकावं लागलं. ते ऐकून घेणं परवडतं.

तर मग लोक निघून का जात नाहीत?

कारण ज्या गाड्या हे सगळं आणतात, त्याच गाड्या रोजगारही आणतात. जगभरात कचरा वेचून जगणाऱ्यांची संख्या दीड ते दोन कोटींच्या घरात मानली जाते. बाहेरून ते काम कुणीही यावं आणि उचलावं असं दिसतं. प्रत्यक्षात कोणत्या भागातली गाडी किती वाजता येते, तिच्यात काय असतं, ती रिकामी होताना कुणी कुठे उभं राहायचं, हे सगळं ठरलेलं असतं. तो हक्क वर्षानुवर्षं उभं राहून मिळवलेला असतो. प्लास्टिक हातात चुरगळून आवाजावरून प्रकार ओळखणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. हे कौशल्य दुसरीकडे नेता येत नाही. दुसऱ्या शहरात गेलं की रांगेत शेवटी. त्यात उधारी देणारा भंगारवाला इथला, आजारपणात मूल सांभाळणारी शेजारीण इथली. भाडं परवडेल अशी जागा शहराने दुसरीकडे ठेवलेली नाही. आणि कामासाठी अर्जावर पत्ता लिहिला की पुढचं बोलावणं येत नाही, हे तर सगळेच सांगतात.

म्हणून ‘डेपो बंद करा’ ही मागणी ऐकली की मी विचारतो, कुणी केली? पाच किलोमीटरवरच्या सोसायटीने केली असेल तर तिचा अर्थ वेगळा होतो. रिओ द जानेरोचा जार्दिम ग्रामाशो जून 2012 मध्ये बंद झाला. वेचकांना एकरकमी भरपाई मिळाली. ती संपली, वस्ती राहिली, काम गेलं. शिवाय बंद केलेला डोंगर मरत नाही. त्यातून वायू आणि काळं पाणी पुढे दशकानुदशकं निघत राहतं. युरोपीय संघाच्या नियमांत बंद झाल्यानंतर किमान 30 वर्षांच्या देखभालीचा खर्च आधीच धरावा लागतो. म्हणजे बंदीनंतर वस्तीकडे धोका उरतो आणि उत्पन्न जातं. बंद करायला माझा विरोध नाही. पण वर्गीकरणाची शेड, ओळखपत्रं, वेचकांना त्या शेडमध्ये ठरलेलं काम, हे आधी सुरू होऊन किमान वर्षभर चाललेलं पाहिजे, आणि मग फाटकाला कुलूप. क्रम उलटा झाला की लोक कुंपणाखालून रात्री आत शिरतात, आणि अंधारात डंपरखाली सापडतात.

तुम्ही काय कराल? मुलांकडून एक वही करून घ्या. तारीख, वेळ, वास, धुराची दिशा, माश्या, पाझर, अडकणारी दारं. चार ओळींत बसतं. तीन महिन्यांची अशी वही घेऊन वस्तीची माणसं कार्यालयात गेली, तर ‘वास येतो’ या तक्रारीला मिळतं ते उत्तर त्यांना देता येत नाही. तिथे त्यांच्याबरोबर जा, पण बोलू त्यांना द्या. पाण्याची आणि रक्ताची तपासणी मात्र तुम्ही मागे लागून करून घ्या, त्यासाठी तुमची ओळखपाळख कामाला येईल.

आणि तुमचं डोकं दुखतं त्याबद्दल. वर्ग सकाळी सातला भरतो असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा झाकण अजून मोडलेलं नसतं, मुलंही तीच हवा घेत असतात. वर्ग अकराला नेलात तर फरक पडेल. पण नेण्याआधी मुलांना विचारा, अकराला गाड्या रिकाम्या होतात का. होत असतील, तर अकराच्या वर्गात तुम्ही एकट्याच असाल.